मार्क खाणारे काका

सीईटी मी बारा वेळा दिली. त्यातल्या अकरा वेळा कर्जतच्या एका भाताच्या गिरणीत आणि बाराव्यांदा पनवेलच्या पुढे एका काचेच्या इमारतीत. ही बारावी तेवढी खरी होती, बाकीच्या अकरा काकांच्या. दोन्हींत अवघड कुठली असं कुणी विचारलं, तर मी लगेच गिरणीतली सांगते. खऱ्या परीक्षेत निदान उत्तरपत्रिकेवर कोंडा उडत नाही.

काका आमचे शिक्षक नव्हते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्यांना कुणी 'सर' म्हटलं की खरंच कुणी सर आले की काय म्हणून ते मागे वळून बघत. तालुक्यातल्या एका कॉलेजात ते तेहतीस वर्षं शिपाई होते. घंटा देणं, बाकांवर नंबर टाकणं, पाणी फिरवणं, पुरवण्यांना दोरे वाटणं ही त्यांची कामं. स्वतःचं शिक्षण दहावीपर्यंत. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीतलं त्यांना ओ की ठो कळत नसे आणि त्याची त्यांना लाजही नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी बारावीच्या मुलांना सीईटीच्या सरावाला बसवायला सुरुवात केली. "मी शिकवत नाय," ते पहिल्याच दिवशी सांगून टाकत. "शिकवनारे तुमाला रगड भेटतील. मी नुसता बसवतो."

तेहतीस वर्षं परीक्षेच्या खोलीबाहेर स्टुलावर बसून त्यांनी मुलांना पास आणि नापास होताना पाहिलं होतं. पेपर अवघड असतो म्हणून कुणी नापास होतं, यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. त्यांच्या मते मूल नापास होतं ते ओळखपत्र घरी राहिलं म्हणून, शेजारच्याने पुरवणी मागितली म्हणून, नाहीतर जास्त पाणी प्यायलं म्हणून. "पाणी दोन घोट," ते म्हणत. "तिसरा घोट मोरीकडं नेतो." मुलांचे चेहरे ते बघतच नसत, पाय बघत. "पाय हलाया लागले का समजायचं, पोरगं पेपरात नाय. घरी पोचलंय, बापापुढं उभं हाय."

माणसांची नावं त्यांना लक्षात राहत नसत, नंबर राहत. मी सात नंबर. कर्जतच्या बाजारात भर गर्दीत ते मला "सात नंबर, आई बरी हाय का गं?" असं विचारत आणि कोथिंबीर निवडणाऱ्या बायका माझ्याकडे वळून बघत. एका लग्नात ते आमच्या पंक्तीला होते. पानं वाढून झाली तरी ते जेवायला सुरुवात करेनात, वर बघत बसले. मग शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "तुमी पंख्याखाली बसू नका. पेपर उडंल." म्हाताऱ्याने पापड घट्ट धरून ठेवला.

मी बारावीला होते त्याच वर्षी सीईटी कागदावरून उठून कॉम्प्युटरवर गेली. काकांची सगळी विद्या कागदावरची. दुसरा कुणी असता तर दुकान बंद करून घरी बसला असता. काका मात्र कर्जतमधल्या एका सायबर कॅफेत गेले, अर्ध्या तासाचे पैसे भरले आणि अर्धा तास नुसतं स्क्रीनकडे बघत बसले. कॅफेवाल्याने विचारलं, काय उघडून देऊ? म्हणाले, "काय नको. कसं बसतात ते बघतोय." त्या अर्ध्या तासात त्यांना एक गोष्ट कळली, जी आमच्या क्लासवाल्यांच्या लक्षातही आली नव्हती. कागदावर प्रश्न खाली असतो. आपण मान घालून वाचतो, त्यावर रेघा मारतो, बाजूला आकडेमोड करतो. कॉम्प्युटरवर प्रश्न समोर उभा असतो आणि कच्चं काम खाली टेबलावर. मान दर मिनिटाला वर-खाली करावी लागते, आणि बारा वर्षं मान खाली घालून शिकलेलं पोर इथेच गळतं.

पुढच्या रविवारी त्यांनी प्रत्येकाला घरून सूप आणायला सांगितलं. होय, धान्य पाखडायचं सूप.

गिरणी त्यांच्या धाकट्या भावाची होती. तिथे त्यांनी तेलाच्या पिंपांवर फळ्या टाकून टेबलं केली आणि मांडववाल्याकडून लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. प्रत्येकाच्या समोर भाताचं पोतं, पोत्याला टेकवून उभं केलेलं सूप आणि सुपाच्या काठाला कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेली प्रश्नपत्रिका. तिच्यावर पेन टेकवायचं नाही. उजव्या हाताशी साबणाची रिकामी डबी. हा माऊस. उत्तर ठरलं की डबी सरकवायची, बोटाने एकदा टकटक करायचं आणि मगच उत्तरपत्रिकेवर लिहायचं. दोनशे प्रश्न, तीन तास, दोनशे वेळा टकटक. आम्ही बाराजण होतो. पोशीरहून नेरळ, नेरळहून कर्जत, असा दर रविवारी मी सूप काखेत मारून प्रवास करायची. रिक्षात एका बाईने विचारलं, कुणाच्या घरी हळद दळायला चाललीस गं? मी सीईटीला चालले म्हटल्यावर ती जरा बाजूला सरकून बसली.

आणि गिरणी चालू असायची. रविवारी लोक भात भरडायला आणत, भाऊ काही ती बंद ठेवणार नव्हता, आणि काकांना ती बंद नकोच होती. पट्टा फटफटायचा, तूस उडायचं, मध्येच एखादा शेतकरी येऊन माझं सूप उचलून "हे कोनाचं?" विचारायचा. एवढ्यानं भागलं नाही तर काका स्वतः पत्र्याचा डबा पाडत. आकडेमोडीच्या ऐन मध्यावर खांद्यामागे येऊन "सही" म्हणत. परीक्षेआधी चाळीस मिनिटं उन्हात रांग लावत. हॉलतिकीट त्यांनी प्रत्येकाला हाताने करून दिलं होतं, फोटो चिकटवून. ते विसरलेल्या सख्ख्या पुतणीला त्यांनी गिरणीच्या दारातून परत पाठवलं होतं, आणि तिचं घर गिरणीच्या मागेच होतं. ती जाऊन हॉलतिकीट घेऊन दोन मिनिटांत आली, तर म्हणाले, "गेट बंद झाला."

इतका कडक माणूस, पण मी एक गोष्ट पाहिली होती. अकरा नंबर डोंगरावरच्या ठाकूरवाडीतली मुलगी होती. दोन तास चालत खाली यायची आणि मग रस्त्याला मिळेल ते वाहन. एका रविवारी ती आली नव्हती आणि आठ वाजून गेले होते. काका आम्हाला म्हणाले, "वरून पेपर आले नाय. बसून ऱ्हावा." वरून म्हणजे कुठून, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. आम्ही तासभर बसून राहिलो. पेपरांचा गठ्ठा त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत होता, मला त्याची कड दिसत होती. नऊला अकरा नंबर घामाघूम होऊन आली, रांगेत उभी राहिली, आणि काकांनी पिशवीत हात घालून जाहीर केलं, "आले पेपर."

मार्क ते पुढच्या रविवारी वाचून दाखवत, नंबर आणि आकडा, बास. उत्तरांची यादी त्यांनी पुस्तकातून उतरवून घेतलेली असे. पुठ्ठ्याला भोकं पाडून तो उत्तरपत्रिकेवर ठेवायचा आणि जुळणारी अक्षरं मोजायची. खोपोलीहून येणाऱ्या दोन नंबरला एकशे सत्तरच्या वर असायचे. मला एकदा सत्तर, एकदा अठ्ठ्याहत्तर. माझी गोम अशी होती की जे येत नाही ते मी कोरं सोडायची. माथेरानच्या एका हॉटेलात माझे वडील स्टोअर सांभाळतात. साखर किती उरली हे तोलून बघितल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या घरात अंदाजपंचे दाहोदरसे करणं हे चोरीतच जमा. ठाऊक नसेल तर नाही म्हणावं, हे मी चालायला शिकले तेव्हापासून ऐकलंय. सीईटीला चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नाहीत हे काकांनी मला दहा वेळा सांगितलं असेल. "सात नंबर, हे चाळीस रकाने कोनासाठी राखून ठेवलेस गं?" मी हो म्हणायची आणि पुढच्या वेळी पुन्हा चाळीस कोरे. माहीत नसताना अ-ब-क-ड काहीतरी लिहायला माझा हातच उचलायचा नाही.

अकराव्या, शेवटच्या परीक्षेत मला चौऱ्याऐंशी मिळाले. दोनशेपैकी. काकांनी आकडा चिठ्ठीवर लिहून दिला होता, घरी दाखवायला.

माझे वडील मंगळवारी घरी येतात, कारण शनिवार-रविवार माथेरान भरलेलं असतं. त्या मंगळवारी त्यांनी चिठ्ठी पाहिली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले की मालकाला काउंटरवर मुलगी हवी आहे. एक मेपासून. सीईटी मेच्या दुसऱ्या आठवड्यात होती, ऐन सीझनमध्ये. "एक दिवस सुट्टी मागून बघू का?" असं मी विचारलं. ते म्हणाले, "कशाला? चौऱ्याऐंशी मार्कांत कोन उभं करतंय तुला? मालकानं दुसरी ठेवली मंग ना हे ना ते." ते रागावले नव्हते, तेच वाईट होतं. त्यांनी हिशेबाने विचार केला होता आणि हिशेब बरोबर होता. मला फार्मसीला जायचं होतं. आठवीत आमच्या आरोग्य केंद्रातल्या बाईंना गोळ्या मोजून देताना पाहिलं होतं, तेव्हापासून. दोन दिवस मी जेवले नाही. मग आईच्या फोनवरून काकांना कळवलं की सात नंबर परीक्षेला बसणार नाही, तिथे राहिलेलं सूप न्यायला येईन.

काका पुढच्या मंगळवारी पोशीरला आले. आमचं घर कसं शोधलं कोण जाणे, पत्ता मी दिला नव्हता. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, परीक्षेच्या दिवशी असत तसे. ओटीच्या उंबऱ्याशी उभे राहून त्यांनी वडिलांना विचारलं, "पोरीला परीक्षेला का पाठवत नाय?"

"चौऱ्याऐंशी," वडील म्हणाले. "तुमीच लिहून दिलंत."

"ते मार्क खरं नाय."

"म्हंजे?"

"मी मार्क खातो," काका म्हणाले. "पोरांचं. समद्यांचं चाळीस चाळीस खातो."

वडील हळूच उठले. मी आणि आई आत, दाराआड. आईचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो घट्ट होत गेला.

"तीन महिने पोरगी सूप घेऊन हिंडतीय," वडील म्हणाले. "नेरळ नाक्यावर लोक हसतात मला. दोन दिस जेवली नाय ती. आन तुमी तिचं मार्क खाल्लं?"

"व्हय."

"का पन?"

"जास्ती सांगितले का पोरं फुगतात. फुगलेलं पोरगं खऱ्या परीक्षेत फुटतं. तेहतीस वर्सं बघितलंय मी."

"तुमी मास्तर नाय, कोन नाय. तुमाला कोनी सांगितलं हे?"

"कोनी नाय."

"मंग आता का सांगाया आलात?"

"पोरगी बसलीच नाय तर खाल्लेलं परत कसं देऊ?"

वडिलांनी बोटांवर बेरीज केली. मग ते म्हणाले, "म्हंजे एकशे चोवीस. आन हे तरी खरं कशावरून? एकदा खोटं बोललात तुमी."

"कशावरूनच नाय," काका म्हणाले. "परीक्षेवरून कळंल."

वडिलांनी त्यांना चार शब्द आणखी सुनावले. आयुष्यात कुणाला न बोललेले. काकांनी मान खाली घालून ऐकले आणि निघून गेले. संध्याकाळी वडील मला म्हणाले, "दे परीक्षा. एक दिवस सुट्टी मागतो. पन एक तारखेपासून काउंटर. निकाल लागंपर्यंत तरी." मी इतकी मोकळी झाले की त्या रात्री चार भाकऱ्या खाल्ल्या.

वडिलांच्या पोटात मात्र ही गोष्ट राहिली नाही. नेरळ नाक्यावर त्यांनी ती सांगितली, तिथून ती कर्जतला पोचली, आणि पुढच्या रविवारी सात-आठ पालक गिरणीत येऊन उभे. आमच्या पोराचे चाळीस परत द्या. काकांनी वाद घातला नाही. पेन काढलं आणि प्रत्येकाच्या चिठ्ठीवर चाळीस वाढवून सही करून दिली. साठाचे शंभर झाले, शंभराचे एकशे चाळीस. खोपोलीच्या दोन नंबरला एकशे एकाहत्तर होते. त्याचे वडील चिठ्ठी बघत म्हणाले, "हे दोनशे अकरा झाले. दोनशेपैकी." काकांनी चिठ्ठी परत घेतली, बघितली आणि दोन नंबरला म्हणाले, "तुझं कमी खाल्ले व्हते." तिथे सगळे हसले. मीही हसले. त्या हिशेबाचा मी तेव्हा विचार केला नाही. खरं सांगायचं तर मला तो करायचाच नव्हता. मला एकशे चोवीस हवे होते.

खऱ्या परीक्षेच्या दिवशी मी आणि आई पहाटे निघालो आणि दीड तास आधी पोचलो. काचेची इमारत, दारात कुंड्या. रांग होती, पण सावलीत. ओळखपत्र बघणारा तरुण "ताई, या बाजूने" म्हणाला. आत गारवा इतका की मी ओढणी अंगाभोवती लपेटून घेतली. खुर्चीला चाकं होती. मी बसले तशी ती मागे सरकली आणि मी मागच्या मुलीच्या टेबलावर जाऊन आदळले. परत आले. समोर स्क्रीन. पहिला प्रश्न आला आणि माझा डावा हात आपोआप पुढे गेला, सूप पडू नये म्हणून धरायला. बोटं काचेवर टेकली. पर्यवेक्षक बाई आल्या, हळू आवाजात म्हणाल्या, "काही अडचण आहे का?" मी नाही म्हटलं. काय सांगणार.

आणि शांतता. ती मला कुणी सांगितली नव्हती. पट्टा नाही, डबा नाही, भात आणलेला म्हातारा नाही. कोंबड्या दाणे टिपतात तसा चारी बाजूंनी नुसता माऊसचा बारीक आवाज. मला वाचताच येईना. एक ओळ वाचायची आणि कुठून तरी आवाज येईल म्हणून थांबायची. आवाज यायचा नाही, आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून. अकरा रविवार ज्या गोंगाटावर मी मनात शिव्या घातल्या, त्याच्याशिवाय माझं डोकं सुरू होत नव्हतं. दहा मिनिटं अशी गेली. पाय हलायला लागलेले मला दिसले. मी ते खुर्चीच्या दांड्यात अडकवून टाकले आणि स्वतःला सांगितलं, तू एकशे चोवीसवाली आहेस.

खरं की खोटं, ते मलाही ठाऊक नव्हतं. काका पहिल्यांदा खोटं बोलले की दुसऱ्यांदा, यावर नको नको म्हणत माझ्या मनात आठवडाभर उलटसुलट चाललं होतं. पण तिथे, त्या गारव्यात, निवडायचंच होतं तर मी एकशे चोवीस निवडले. आणि मग प्रश्न हलायला लागले. हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली आणि मला हसू फुटलं. हे सोपं होतं. प्रश्न नव्हे, प्रश्न तेवढेच. बसणं सोपं होतं. मान वर-खाली करायची सवय झालेली, हात कच्च्या कागदावर न बघता चालत होता, आणि अंगावर कोणी ओरडत नव्हतं. डोक्यातली जी अर्धी ताकद गिरणीत कोंड्याशी भांडण्यात जायची, ती सगळी मोकळी होती. एखाद्या प्रश्नाला अडले की पूर्वीसारखी पुढे जायच्या बेतात यायची आणि थांबायची. चौऱ्याऐंशीवाल्या मुलीने हा सोडला असता. एकशे चोवीसवाली सोडेल का? निदान दोन पर्याय तर चुकीचे आहेत हे तिला कळतं की. मग उरलेल्या दोनांत मी विचार करून एक निवडायची. दोनशेपैकी एकही प्रश्न मी कोरा सोडला नाही. बाहेर आले तेव्हा आई कुंडीशेजारी बसली होती. कशी गेली विचारायचं तिला धाडस होईना. मीच म्हटलं, "सोपी होती."

उत्तरांची यादी लॉगिनला आली तेव्हा मी माथेरानला काउंटरवर होते. समोर गिऱ्हाईक खोलीची किल्ली मागत उभं, आणि मी फोनवर एकेक उत्तर ताडून बघतेय. एकशे एकोणीस. तीनदा मोजलं. मग त्या गिऱ्हाइकाला किल्ली दिली आणि मागच्या स्टोअरमध्ये जाऊन वडिलांना सांगितलं. ते साखर तोलत होते. तोलायचं थांबले नाहीत, पण नंतर कळलं की त्या दिवशीची साखर त्यांनी दोनदा तोलली. त्या मार्कांवर पुढे मला फार्मसीला प्रवेश मिळाला. आज खालापूर तालुक्यातल्या एका औषधांच्या कारखान्यात मी गोळ्या तपासते, आणि तिथे अंदाजपंचे काही चालत नाही, याचं वडिलांना समाधान आहे.

पेढे घेऊन मी गिरणीत गेले होते. म्हटलं, "काका, एकशे एकोणीस. तुमच्या आकड्यापेक्षा पाच कमी." काका उभे होते ते तिथल्या पोत्यावर बसले. मग म्हणाले, "पाचाचं काय घेऊन बसलीस." त्यांचा जीव भांड्यात पडलाय हे मला दिसत होतं. मला वाटलं, माझ्यासाठी.

पुढच्या वर्षी त्यांच्याकडे चारच मुलं आली. मार्क खाणाऱ्या माणसाकडे पोरं कोण पाठवणार? त्याच्या पुढच्या वर्षी कुणीच नाही. विचारलं तर काका म्हणत, "आता घराघरात कम्पुटर झालंत, सूप कशाला लागतंय."

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "सात नंबर का? तुझे पेपर पडलेत हितं." भावाने गिरणीचे पत्रे बदलायला काढले होते आणि काकांचा सगळा कागद रद्दीत जाणार होता. रविवारी गेले. प्रत्येक नंबरची पुरचुंडी सुतळीने बांधून, उत्तरांच्या यादीसकट ठेवलेली. काका चहा सांगायला बाहेर गेले. मी फळीवर बसून गंमत म्हणून शेवटची उत्तरपत्रिका काढली आणि यादीशी ताडायला लागले. चाळीस चढे येणार, एकशे चोवीस, हे ठाऊकच होतं.

चौऱ्याऐंशी आले. पुन्हा मोजलं. चौऱ्याऐंशी बरोबर, शहात्तर चूक, चाळीस कोरे. दहावी काढली, नववी काढली. त्यांनी वाचून दाखवलेला प्रत्येक आकडा जसाच्या तसा होता. कुणाचा एक मार्क त्यांनी कधी खाल्ला नव्हता.

काका चहा घेऊन आले तेव्हा मी फळीवर कागद पसरून बसले होते. त्यांनी ते बघितले आणि चहाचे पेले बाजूला ठेवले.

"काका, हे काय?"

"काय म्हंजे? तुझ्या बापाला मार्क पायजे व्हते. माझ्याजवळ व्हते का?" ते म्हणाले. "तू चाळीस कोरे सोडत व्हतीस. तेवढेच सांगितले. म्हनलं, बसली तर भरंल."

"आणि नसते भरले तर?"

"त्याचंच भ्या व्हतं ना. तुझा निकाल येईस्तोवर मी नेरळच्या पलीकडं, तुमच्या गावाकडं पाय टाकला नाय." मग हळू आवाजात म्हणाले, "बापाला नको सांगू. त्याला राग हाय तो बरा हाय. त्याचा हिशेब चुकला नव्हता."

मी त्यांच्यासमोर रडले. सांगायला लाज वाटत नाही. सात वर्षं मी ज्या माणसाला थोडासा लबाड समजून त्याच्यावर माया करत होते, तो लबाड नव्हता. तेहतीस वर्षं आणि नंतर अकरा रविवार त्याने एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. पोशीरच्या आमच्या दारात तो एकदाच खोटं बोलला, ते खोटं खरं ठरावं म्हणून गावभर चोर म्हणवून घेतलं, आणि हातातलं काम गेलं तरी तोंड उघडलं नाही.

काकांचं मी ऐकलं नाही. मंगळवारी वडील घरी आले तेव्हा त्यांना कागद दाखवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी उत्तरपत्रिका घेतली, चष्मा लावला आणि एकेक रकाना स्वतः मोजला. तोलल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही. मोजून झाल्यावर त्यांनी कागदांची घडी घातली आणि चष्मा काढला. नाक्यावर ते अजूनही ती गोष्ट सांगतात, हे मला आणि आईला दोघींनाही ठाऊक होतं.

मग त्यांनी आईला विचारलं, "त्या दिवशी ते दारात आले. आपन त्यांना बसा म्हनालो व्हतो का गं?"

आई म्हणाली, "नाय."

वडील उठले आणि खुंटीवरचा शर्ट अंगात घालत मला म्हणाले, "गाडी काढ. त्यांना घरी घेऊन येऊ."